आधी वीज, मग विंडोज

टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याला काय म्हणतात असे जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कोणत्याही घरात विचारा, उत्तर ठरलेले: सीपीयू. खरे तर सीपीयू म्हणजे त्या डब्यातली बिस्किटाएवढी चिप, आणि डब्याचे नाव कॅबिनेट. पण ही चूक निरुपद्रवी आहे. दुसरी एक चूक मात्र पैसे खाते. हा डबा चालता चालता पटकन बंद पडू लागला आणि आपला आपण पुन्हा सुरू होऊ लागला, की घरात कुणी म्हणते व्हायरस शिरला, कुणी म्हणते विंडोज उडाली. मग डबा मोटारसायकलवर मध्ये धरून नारायणगावला नाहीतर मंचरला जातो. तिथे फॉर्मॅट मारला जातो. त्यात लग्नाचे फोटो, बारावीच्या नोट्स किंवा बचतगटाच्या हिशेबाची फाईल यांतले काहीतरी कायमचे जाते आणि पंधरा दिवसांनी दुखणे पुन्हा वर येते. माझे म्हणणे असे, की हा सगळा क्रमच उलटा आहे. निदान या दोन तालुक्यांत तरी अचानक बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत पहिला संशय भिंतीतल्या सॉकेटवर घ्यायला हवा, त्यानंतर डब्यातल्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर, मग उष्णतेवर आणि धुळीवर. विंडोजची पाळी सगळ्यांत शेवटी.

हा संशय हवेतला नाही. मशीन कसे मरते ते नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर बिघडला तर विंडोजला बहुतेक वेळा काहीतरी बोलायला वेळ मिळतो: निळा पडदा येतो (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत तो काळा असतो), त्यावर इंग्रजीत कारणाचे नाव असते, काही सेकंद टक्केवारी पुढे सरकते आणि मग मशीन पुन्हा सुरू होते. हार्डडिस्क कुरकुरत असेल तर सगळे संथ होते, माऊस अडकतो, खिडक्या पांढऱ्या पडतात. पण ज्या मशीनवर चाललेले गाणे अर्ध्या शब्दावर तुटते, पडदा काळा होतो आणि लगेच कंपनीचा लोगो दिसतो, त्या मशीनमध्ये विंडोजला बोलायची संधीच मिळालेली नसते. कुणीतरी तिच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असते. हे घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात एक करड्या रंगाची वायर असते. तिच्यावरून एकच निरोप सतत जात असतो: सगळे व्होल्टेज ठीक आहेत, चालू दे. बारा, पाच आणि सव्वातीनच्या आसपासचा, असे तीन पुरवठे डब्यात असतात आणि त्यांत साधारण पाच टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे बाराचा पुरवठा ११.४ च्या खाली गेला की गडबड. पुरवठा कोसळतोय असे दिसले की एसएमपीएस करड्या वायरवरचा निरोप थांबवतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी प्रोसेसरला रीसेट करतो. वीज लगेच सावरली तर मशीन पुन्हा उठते. बघणाऱ्याला वाटते, आपोआप रीस्टार्ट झाले. घरातला दिवा तेवढ्यात फारतर एकदा मिचकावलेला असतो, आणि पडद्याकडे बघणाऱ्याला तेही कळत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. विंडोजमध्ये मोठी चूक झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असते, त्यामुळे निळा पडदा आला तरी कधी कधी तो डोळ्यांना दिसण्याआधी निघून जातो. म्हणून 'निळे काही दिसले नाही' एवढ्या साक्षीवर विजेला दोषी धरू नये. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून आपोआप रीस्टार्टपुढची खूण काढून टाकावी. त्यानंतर चुकीचा मजकूर दाखवत पडदा थांबला तर दोष विंडोज, ड्रायव्हर किंवा रॅमकडे आहे. खूण काढूनही मशीन काही न लिहिता नुसतेच काळे होऊन उठत असेल तर दोष विजेचा, एसएमपीएसचा किंवा त्यांच्या शेजारचा.

आता वीज. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी या दोन तालुक्यांचे रूप बदलले. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे, आंबेगावचा कांदा-बटाटा आणि सगळीकडचा ऊस, हे सगळे पाण्यावर उभे आहे आणि पाणी पंपांवर. पंपाची मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, वीस पंप असतील आणि ते एकामागून एक सुरू झाले तर रोहित्र ते सोसून नेते. पण बहुतेकांनी पंपाला लाईट येताच तो आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवलेला असतो, आणि त्यालाही कारण आहे. थ्री फेज वीज दिवसातले ठरावीक तास मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्री दोनला लाईट आली म्हणून बिबट्याच्या टापूत कोण उसाच्या कडेने चालत जाईल? दिवसा वीज द्या ही जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरची मागणी त्या भीतीतूनच आलेली आहे. म्हणून ऑटो स्विच. आणि म्हणूनच लाईट येताक्षणी वीसच्या वीस पंप एकदम उठतात. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा विनवते ते यासाठीच. नाहीतर डीपी जळतो. डीपी जळाला की गावभर चर्चा होते. तो जळायच्या आधी महिनोन्‌महिने त्याच तारेवरच्या मळ्यातल्या घरांत व्होल्टेज गुडघे टेकत असते, त्याची मात्र चर्चा होत नाही. गावठाणाचा फिडर वेगळा केलेल्या गावांत घरांना हा त्रास कमी होतो. मळ्यात, वस्तीवर, शेवटच्या खांबाला जोडलेल्या घरात तो तसाच राहतो.

यातून तपासाचा एक धागा हाती येतो, आणि माझ्या मते या भागात याहून उपयोगी धागा नाही. मशीन एक आठवडा रात्री अभ्यासाच्या वेळी बंद पडते, पुढच्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमारास, आणि भर पावसाळ्यात पंप बंद असताना पंधरा-पंधरा दिवस गुण्यागोविंदाने चालते, असे दिसले तर व्हायरसचा विचार सोडून द्यावा. व्हायरसला थ्री फेजचे वेळापत्रक माहीत नसते.

या तारांची अवस्था सांगायला एक अनपेक्षित साक्षीदारही इथेच उभा आहे. खोडदची जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि तिच्या तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या टापूत इंग्रजी 'वाय'च्या आकारात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकणे हे तिचे काम. तिच्या कानाला त्रास देणाऱ्या गोष्टींत मोबाईल टॉवरांबरोबर वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्याही आहेत. सैल जोड, खराब झालेला इन्सुलेटर अशा जागी ठिणगी उडते आणि रेडिओचा गोंगाट होतो. हा गोंगाट निरीक्षण चालू असतानाच गाळून टाकण्यासाठी तिथल्या अभियंत्यांना वेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवावी लागली. दूरच्या दीर्घिका ऐकणाऱ्यांना जी ठिणगी चुकवता येत नाही, तिच्या जातीची ठिणगी आपल्या मीटरजवळच्या सैल जम्परमध्ये किंवा बोर्डातल्या ढिल्या स्क्रूखाली उडत असेल, तर टेबलाखालच्या डब्याने ती मुकाट सोसावी ही अपेक्षा जास्तच झाली.

पण त्याच घरात टीव्ही चालतो, एलईडी दिवे लागतात, फ्रीजही गार करतो. वीज एवढी वाईट असती तर ती बंद पडली नसती का? हा आक्षेप सरळ आहे आणि त्याचे उत्तर हिशेबात आहे. पंखा व्होल्टेज घटले की हळू फिरतो, जुना पिवळा बल्ब मंद होतो. ही उपकरणे कमी मिळाले तर कमी खातात. एसएमपीएस तसा नाही. आतल्या मदरबोर्डला २०० वॉट लागत असतील तर ते तो देणारच, बाहेरचे व्होल्टेज काहीही असो. आतली झीज बाजूला ठेवली तरी २३० व्होल्टला त्यासाठी ०.८७ अँपियर प्रवाह पुरतो, १७० व्होल्टला १.१८ अँपियर लागतो. म्हणजे व्होल्टेज घटले की हा गडी जास्त राबतो आणि जास्त तापतो, तेही बहुधा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा खोलीच तापलेली असते. शिवाय वीज क्षणभर गेली तर तग धरायला त्याच्याजवळ एका कपॅसिटरमधला साठा असतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये पूर्ण भारावर हा साठा साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. मशीनची उडी एका आवर्तनाएवढीही नाही! त्यातही साध्या, स्वस्त एसएमपीएसमधला साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १८० झाले की जवळजवळ चाळीस टक्के साठा गेलाच. टीव्ही कमी वॉटचा असतो आणि त्याचा पुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. एलईडी क्षणभर विझून पेटला तर कुणी दखल घेत नाही. कॉम्प्युटर क्षणभर विझला तर दोन तासांचे टायपिंग जाते.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या जोरावर येतो: दुकानात फॉर्मॅट मारल्यावर मशीन नीट चालले, मग दोष विंडोजचाच नव्हता का? इथे दुकानदारावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पण दुकान बाजारपेठेत असते, मळ्यातल्या शेवटच्या खांबावर नसते. तिथे मशीन दिवसभर चालवून पाहिले तरी ते बंद पडणार नाही, कारण ज्या विजेवर ते आजारी पडते ती वीजच तिथे नसते. फॉर्मॅटबरोबर ब्लोअरने धूळ उडवली जाते, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवले जातात, सैल वायरी दाबल्या जातात. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला पावसाळ्यात चार महिने ओल असते. तिथे रॅमच्या दातांवर पुटे चढून मशीन अडखळणे ही खरी गोष्ट आहे. या सगळ्या कामांनी गुण येतो आणि श्रेय फॉर्मॅटला मिळते. फॉर्मॅटवरचा विश्वास असा दृढ होत जातो.

'आमच्याकडे यूपीएस आहे' हे तिसरे उत्तर. यूपीएसच्या आतली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, गरम खोलीत त्याआधीच. मग लाईट गेल्यावर तो एक टूं करतो आणि मशीनबरोबर स्वतःही मरतो. त्याची परीक्षा सोपी आहे: कॉम्प्युटर काढून त्याच्या जागी जुन्या पद्धतीचा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. बल्ब पाच मिनिटेही टिकला नाही तर तो यूपीएस नव्हे, नुसते वजन. घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचे छोटे बटण बघा. बहुतेक इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' अशा दोन खुणा असतात. नॉर्मलवर तो व्होल्टेज फार घसरेपर्यंत मेनच्या विजेवरच राहतो आणि बॅटरीवर यायलाही वेळ घेतो. तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र पडतो. यूपीएसच्या खुणेवर तो लवकर आणि चपळाईने बदल करतो. अनेक घरांचा प्रश्न हे बोटभर बटण सरकवून सुटण्याजोगा असतो, आणि त्यासाठी तीन हजारांचा नवा एसएमपीएस घेतला जातो.

अर्थिंगबद्दल एवढेच, की कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटाचा मागचा भाग लागताच झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसला की त्यांच्यामुळे पत्र्यावर निम्म्या मेनएवढे व्होल्टेज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण ते दुर्लक्ष करण्याचे लक्षण नव्हे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांत घुसवणे तर सरळ आत्मघात. आणि घरातले सगळे दिवे अचानक प्रखर होऊन पंखे सुसाट सुटले तर न्यूट्रल तुटला असे समजून आधी मेन स्विच पाडावा. त्या वेळी घरात २३० ऐवजी चारशेच्या घरातले व्होल्टेज शिरू शकते.

विजेची एवढी बाजू घेतल्यावर विरुद्ध बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावाही मांडायला हवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. वीज सगळीकडे ठीक होती. तेव्हा सॉफ्टवेअर मशीन पाडूच शकत नाही असे कुणी म्हणू नये. पण ती मशीन कशी पडली ते बघा: पडदा निळा, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना त्याच टप्प्यावर. सॉफ्टवेअरचा दोष हट्टी असतो. तेच केले की तेच होते. अमुक गेम उघडला की, अमुक प्रिंटर जोडला की, कालचे अपडेट आल्यापासून, अशी त्याची ओळख असते. अशा वेळी सेफ मोडमध्ये मशीन नीट चालते का ते पाहावे, शेवटचे अपडेट किंवा ड्रायव्हर मागे घ्यावा. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळेच कारण येत असेल तर रॅम संशयित. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय आहे, ती रात्रभर चालवावी. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांची अशीच मशीन पडण्याची तक्रार जगभर गाजली. लोकांनी आधी गेमना आणि ड्रायव्हरना शिव्या दिल्या. शेवटी कंपनीने सांगितलेले कारण असे, की प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने हळूहळू झिजत होता. तिथेही शोध व्होल्टेजपाशी येऊनच थांबला.

उष्णतेचे निदान सगळ्यांत सोपे. थंड मशीन वीस मिनिटे चालते, मग पूर्ण बंद पडते, लगेच सुरू केले तर पाच मिनिटांत पुन्हा पडते. हे तापण्याचे लक्षण. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का आणि त्याच्या खालच्या जाळीत धुळीची गोधडी झाली आहे का, हे झाकण उघडताच दिसते. पाच-सहा वर्षांत प्रोसेसरवरची पेस्ट वाळते, ती बदलावी. मदरबोर्डवरच्या छोट्या दंडगोल कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली तर पुढचे निदान करत बसू नये, तो बोर्ड संपला. एसएमपीएसचे झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपासचा साठा काही काळ राहू शकतो. त्याची परीक्षा घ्यायची तर ओळखीच्या माणसाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघणे हाच मार्ग. बाहेर छापलेल्या ४५० वॉटवर विश्वास ठेवू नये. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला, हातात खेळण्यासारखा हलका लागणारा डबा तेवढे वॉट देत नाही.

तपासाला लागणारे साहित्य म्हणजे शंभर पानी वही आणि सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर. मशीन पडले की तारीख, वेळ, मीटरवरचे व्होल्टेज, पंप चालू होते का आणि पडद्यावर चुकीचा मजकूर आला की तो नुसताच काळा झाला, एवढे लिहायचे. वेळ हुकली तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ती सापडते. तिथे 'कर्नल पॉवर' आणि ४१ हा क्रमांक दिसेल. तो पाहून अनेक जण विजेचा दोष सिद्ध झाला असे समजतात, तसे नाही. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच तो सांगतो. तो पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. मात्र त्या नोंदीत बगचेकचा, म्हणजे विंडोजच्या चुकीचा, आकडा शून्य असेल तर विंडोजला स्वतःची चूक नोंदवायला वेळ मिळाला नाही, आणि वहीतल्या व्होल्टेजला वजन येते. आणखी एक फुकटचा प्रयोग म्हणजे त्याच सॉकेटवर, त्याच वेळी एखादा लॅपटॉप चालवून पाहणे. त्याच्या पोटात बॅटरी असते. डेस्कटॉप पडतो आणि लॅपटॉप हूं की चूं करत नाही, असे चारदा झाले तर बॅटरीने कोणती उणीव झाकली ते वेगळे सांगायला नको.

ही वही शेवटी दुरुस्तीवाल्यापेक्षा महावितरणच्या शाखा कार्यालयात जास्त कामाची ठरते. घरगुती जोडणीला २३० व्होल्ट, सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळावेत असा नियम आहे. 'लाईट डीम येते' या तोंडी तक्रारीला कुणीही 'बघतो' म्हणेल. पंधरा दिवसांच्या तारखा, वेळा आणि १७२, १६८, १८१ असे आकडे पाहिल्यावर तेवढ्यावर भागवणे अवघड जाते. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, त्याच डीपीवरच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या, वहीच्या पानांची झेरॉक्स अर्जाला जोडा. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यायला विसरू नका.